पहिली आंघोळ मालकाची

थंडीचे दिवस होते. मी घागर घासून नळाखाली लावली, अंगण झाडलं, तवा तापत ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. माझे पती सदाशिव न्हाणीत होते. त्यांना कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पहिल्या पाळीला जायचं होतं आणि कंपनीची गाडी नाक्यावर फार वेळ थांबत नसे. डब्यात वांग्याची भाजी भरून झाली. भाकऱ्या झाल्या, शेवटची तव्यावर होती, तरी न्हाणीतून पाण्याचा आवाज येतच होता. पाण्याचा आवाज येतोय म्हणजे माणूस आंघोळ करतोय, असंच कुणीही समजेल. अंगणातल्या गटारीतून गरम पाण्याची वाफ निघत होती. घरमालकीण गौराक्का बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “अगं, टाकी रिकामी कराय लागलाय का तुझा नवरा? कारखान्याला निघालाय का लग्नाला?”

मी हसले आणि न्हाणीच्या दारावर थाप मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग मी ओरडले. समोरच्या पेंडीच्या गोदामातून गौराक्कांचे पती आण्णा धावत आले आणि त्यांनी खांद्यानं दार तोडलं. बादली भरून वाहत होती.

श्री. शिवपुत्र तेरदाळे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे आण्णा, यांची आणि माझी खरी ओळख त्या सकाळची. त्याआधी दोन वर्षं आम्ही त्यांच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. पण सरकी पेंडीचे मोठे व्यापारी, सीमेकडून आलेलं घर, बोलताना मध्येच कानडी, आवाज मोठा, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं. आम्ही मलकापूरकडचे. मी त्यांच्यासमोर पदर सारखा करून बाजूला व्हायची, आणि ते “पावणं बरं हाईत न्हवं?” असं विचारून पुढे जायचे.

आण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं समितीनं सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं जे काही आलं ते वाचून आलं. आण्णांच्या दुकानात रद्दीला जाणारी वर्तमानपत्रं आणि नगर वाचनालयातली पुस्तकं. आण्णांची दानत, त्यांचा व्यापार, मठाची कामं यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी न्हाणीबद्दल लिहिते. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम तिथून सुरू झालं, असं मला वाटतं.

ती न्हाणी अशी होती. बाकीच्या खोल्यांना अंगणातला तांब्याचा बंब सामायिक होता. लाकडं फोडा, पेटवा, डोळे चोळा. आमची खोली सगळ्यांत नवी म्हणून आण्णांनी तिच्या न्हाणीत गॅसचा गीझर बसवला. भाडेकरूची सोय व्हावी, हाच त्यांचा हेतू होता. गल्लीतला तो पहिला गीझर असेल. नळ सोडला की गरम पाणी. बायका बघायला येऊन गेल्या. न्हाणीला वर एक खिडकी होती, पण तिच्यातून पलीकडच्या गच्चीवरून आत दिसायचं. बायामाणसांच्या आंघोळीची जागा, म्हणून आण्णांनी स्वतः शिडीवर चढून त्या खिडकीला पत्रा ठोकला. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. बंबाचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून बंब उघड्यावर ठेवायचा, हे आमच्या आजीलाही कळत होतं. गीझरला धूर नव्हता. धूर नाही म्हणजे वाईट काही नाही, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. त्या गॅसच्या ज्योतीतून जे निघतं त्याला धूर नसतो, वास नसतो, आणि कोंडलेल्या जागेत माणूस नुसता झोपी जातो, हे महापालिकेतल्या एका अभियंत्यांनी आम्हाला नंतर समजावून सांगितलं.

डॉक्टरांनीही कागदावर मृत्यूचं कारण तेच लिहिलं. पण गल्लीत दुसराच शब्द फिरला. “अटॅक आला. तरण्याताठ्या माणसाला अटॅक.” भेटायला येणारी बाई तेच म्हणायची. कारखान्यातले लोकही तेच म्हणाले. त्यात वाईटपणा नव्हता. मालकाला त्रास नको आणि मलाही बरं वाटावं, असं त्यांना वाटत असेल. मला बरं वाटत नव्हतं. अटॅक म्हटलं की दोष त्यांच्या छातीचा होतो. आणि बाकीच्या न्हाण्या जशाच्या तशा राहतात. ते कशानं गेले, हे गल्लीनं एकदा तोंडानं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आण्णा आणि गौराक्का माझ्या खोलीत आले. आण्णा खाली चटईवर बसले. गौराक्कांनी त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाले, “तो पत्रा मी ठोकलता, बाई.”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

“न्हाणी पाडून टाकतो. उद्याच गवंडी बोलावतो. नदरंसमोर नको.”

“पाडू नका,” मी म्हटलं. “नीट करा. पाडली तर सगळे विसरतील.”

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून ते मला बाई म्हणेनासे झाले. तंगी म्हणू लागले. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात.

न्हाणी नीट करायला त्यांनी त्या अभियंत्यांना बोलावलं आणि ते सांगतील तसं केलं. गीझर बाहेर अंगणातल्या उघड्या भिंतीवर गेला. आत फक्त पाण्याची नळी. पत्रा काढला. खिडकी मोठी करून तिला तिरप्या पट्ट्या बसवल्या. वारा येतो, पण बाहेरून आत दिसत नाही. दाराला खालून फट ठेवली आणि कडी अशी लावली, की वेळ पडली तर बाहेरून काढता यावी. काम चांगलं झालं. मी मात्र त्या न्हाणीत पाऊल ठेवलं नाही. गौराक्कांच्या परसात बंबावर पाणी तापवून तिथेच आंघोळ करत राहिले. सासरच्यांनी मलकापूरला बोलावलं होतं. मी शिवणयंत्र घेतलं आणि इथेच राहिले. भाड्याचं आण्णांनी काय केलं ते मी लिहीत नाही. ते कुणाला सांगितलेलं त्यांना आवडत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आण्णांनी आसपासच्या गल्ल्यांतल्या घरमालकांना तालमीच्या वरच्या मजल्यावर चहाला बोलावलं. तोवर गीझर बऱ्याच घरांत आले होते आणि ते न्हाणीच्या आतच बसवले जात होते. मला आणि गौराक्कांना आण्णांनी मागे बसायला सांगितलं होतं. आण्णांनी विषय काढला, की प्रत्येकानं आपल्या भाड्याच्या खोल्या बघून घ्याव्यात, गीझर बाहेर काढावेत, न्हाणीला खिडकी ठेवावी. सगळे चहा पीत होते. शेजारच्या तीन मजली इमारतीचे मालक बापू मोठ्यानं बोलले. (बापू आज या गौरवसमितीत आहेत. हे लिहू का, असं मी त्यांना विचारलं. “लिही की, खरंच हाय,” असं ते म्हणाले.)

बापू म्हणाले, “आण्णा, तुमच्या भाडेकरूला अटॅक आला. त्येचं वाईट वाटतंय आमास्नी. पर म्हणून आमच्या भिंती कशाला फोडायच्या?”

“व्हय की,” आणखी कुणी म्हणालं. “उद्या कुनी जिन्यावरनं घसरला तर जिना पाडायचा का?”

लोक हसले. मी मान खाली घातली. पुढचं मला आण्णांच्या पाठीमागून ऐकू आलं, कारण ते उभे राहिले होते.

“अटॅक न्हवता,” आण्णा म्हणाले.

बापूंनी हात केला. “आण्णा, बसा. कशाला उगंच. पोलीस न्हाय, कोर्ट न्हाय, कुनी काय म्हणलं न्हाय तुमास्नी.”

“म्हणूनच म्हणतोय. अटॅक न्हवता. गीझर मी बसवला. खिडकी मी बंद केली. ह्या हातानं पत्रा ठोकला. माणूस माझ्या न्हाणीत मेला, बापू, माझ्यामुळं मेला. त्येची बायको मागं बसलीया. तिच्यासमोर सांगतोय.”

गौराक्कांनी माझा हात धरला होता. इतक्या महिन्यांनी मला हवा होता तो शब्द गल्लीसमोर उच्चारला गेला, आणि ज्यांना तो सगळ्यांत महाग पडणार होता त्यांनीच तो उच्चारला. आण्णांचा गौरव करायचा तर माझ्या मते तो या एका वाक्यासाठी करावा. बाकीचं सगळं त्यातून आलं.

मग त्यांनी जे काढलं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. म्हणाले, “उद्या दिवाळीची पहिली आंघोळ. मी माझ्या घरात करनार न्हाय. भाडेकरूच्या न्हाणीत करनार. कडी लावून. तुमी बी तेच करा. ज्या न्हाणीत आपुन आंघोळ करू शकत न्हाय, ती भाड्यानं द्यायची न्हाय. आधी काय दुरुस्त करायचं त्ये करा, मग शिरा. आन् भाईर एक मानूस उभा करा हाक मारायला.”

केवढा गोंधळ झाला! मालकानं भाडेकरूच्या न्हाणीत जायचं, तेही सणाला! “मग उटणं बी भाडेकरूचंच लावायचं का?” “आण्णा, आमची आई घरात घ्यायची न्हाय आमाला!” बापू म्हणाले, “लोक म्हणतील, बापूची न्हाणी पडली जनू.”

आण्णा म्हणाले, “तुमची न्हाणी चांगली हाय म्हणता न्हवं? मग लाज कशाची?”

त्या दिवाळीला आण्णांशिवाय फारतर आणखी दोघांनी ते केलं. बापूंनी केलं नाही. पण त्यांच्या भाडेकरूंनी बापूंच्याच बायकोमार्फत निरोप धाडला म्हणे, की पाणी तापवून ठेवलंय, मालकांनी कधी यायचं? पुढच्या दिवाळीच्या आत बापूंच्या इमारतीतले सगळे गीझर बाहेरच्या भिंतीवर होते.

तेव्हापासून मालक आणि भाडेकरू यांचं मंडळ झालं आणि दिवाळीआधी खोल्यांची फेरी सुरू झाली. फेरीत मीही असते. मला मंडळात घेतलं ते हाक मारायला, असं बापू चिडवतात. सुरुवातीला आम्ही न्हाण्याच बघत होतो. हळूहळू वायरी, जिने, गळकी छपरं, खोलीतच ठेवलेले सिलिंडर हेही बघू लागलो. एका घरात भाडेकरूंच्या जिन्याला कठडा नव्हता. मालक म्हणायचे, “आमचं काय अडलंय?” आण्णांनी वाद घातला नाही. मालकांच्या आई दारात बसल्या होत्या. आण्णा त्यांना म्हणाले, “काकू, वरच्या पोरींनी फराळाला बोलावलंय तुमाला. चला, मी नेतो.” काकू अर्ध्या जिन्यावर पोचल्या आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. तिथूनच त्यांनी मुलाला अशा शिव्या घातल्या, की लिहिता येणार नाहीत. आठवड्यात कठडा आला.

आण्णा भाडेकरूंचे लाड करत नाहीत, हेही सांगायला हवं. कॉलेजच्या मुलांनी थंडी वाजते म्हणून न्हाणीच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं. आण्णांनी ते उभ्या उभ्या वाचून काढलं, मग टराटरा फाडलं आणि म्हणाले, “बातमी वाचली. आता ह्या खिडकीची बातमी व्हायच्या आधी अक्कल येऊ दे.” मुलं हसली, पण पुन्हा कागद लागला नाही. त्यांचा राग लवकर येतो, दुसऱ्याचं पुरतं ऐकून घेत नाहीत, आणि एकदा मनात आलं की वाट पाहत नाहीत. गौराक्का म्हणतात, “माझा सगळा जन्म ह्येंच्या मागनं चपला घेऊन पळण्यात गेला.” मंडळातल्या आम्ही सगळ्यांनी हा राग खाल्लेला आहे.

हुपरीला आमचं फारसं चाललं नाही, हेही लिहिते. तिथे चांदीची कामं घराघरात चालतात. भाड्याच्या एका खोलीत मुलं झोपायची आणि तिथेच पैंजणांची डाकणी, म्हणजे ज्योतीवर जोडकाम, व्हायची. गॅसची ज्योत, तेजाबाची भांडी, सगळं एका भिंतीच्या आत. आण्णा एसटीनं कितीतरी वेळा गेले. मीही बरोबर असायची. कारागीर म्हणायचे, “वेगळी जागा घेतली तर भाडं कोन भरनार?” मालक म्हणायचे, “त्यांचंच काम, त्यांची हौस.” काही घरांत धूर जायला भिंतीत वाट काढली गेली, काहींनी भांडी अंगणात नेली. बाकीचे तसेच राहिले. परतताना एसटीत आण्णा एकदा म्हणाले, “तंगी, तिथं आंघोळ करून दाखवून भागत न्हाय. तिथं ऱ्हाऊनच दाखवाय पायजे.” वय साठीपार नसतं तर ते खरोखर राहिले असते.

ज्या वर्षी पंचगंगेचं पाणी गल्लीत आलं, त्या वर्षी आण्णांनी सगळ्या भाडेकरूंना गोदामाच्या माळ्यावर नेलं. आम्ही पेंडीच्या पोत्यांवर झोपलो, आणि अंगाचा तो वास बरेच दिवस गेला नाही. पाणी ओसरल्यावर लोकांना घरी परतायची घाई झाली. आण्णांनी किल्ल्या स्वतःच्या कमरेला लावल्या. भिंती वाळेपर्यंत आणि वायरमन प्रत्येक बटण बघून जाईपर्यंत कुणाला आत सोडलं नाही. एक भाडेकरू चिडून म्हणाले, “भाडं आम्ही भरतो, आमची खोली हाय!” आण्णा म्हणाले, “खोली तुमची, शॉक बी तुमालाच लागनार. बसा गप, भडंग खावा.” गौराक्कांनी त्या दिवसांत सगळ्यांना जेवू घातलं.

महापालिकेकडे मंडळानं अनेक अर्ज केले, की भाड्याच्या जागा वर्षातून एकदा तरी कुणी जाणत्यानं बघाव्यात. उत्तरं आली, काही आली नाहीत. आता गेली काही वर्षं विभागीय कार्यालयातले एक अभियंते दिवाळीआधीच्या फेरीत आमच्याबरोबर येतात. त्यांचं ऐकलं जातं, कारण त्यांच्यामागे कार्यालय आहे. आण्णांचं ऐकलं जातं, कारण ते आधी स्वतः आत जातात. दोन्ही लागतं. जिथे आम्ही पोचलो नाही तिथल्या बातम्या मी दर थंडीत वर्तमानपत्रात वाचते. कुठे नवरा-बायको, कुठे शिकायला आलेली मुलगी. पुष्कळदा खिडकी बंद होती असं लिहिलेलं असतं. मी ते कात्रण आण्णांना दाखवत नाही. ते स्वतः वाचतातच.

आण्णा आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात. पण जिने चढणं सोडत नाहीत, आणि आता बहुतेक जिन्यांना धरायला कठडा आहे, तो त्यांनीच लावायला लावलेला. तो धरून त्यांनी आणखी पुष्कळ वर्षं वर जावं, वरून आमच्यावर ओरडावं, गौराक्कांनी मागून चपला आणाव्यात, आणि दर दिवाळीला कुणाच्या तरी न्हाणीतून त्यांचा मोठा आवाज आम्हाला बाहेर ऐकू यावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यांच्या पायांना आणि छातीला बळ मिळो.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्या पहाटेचं सांगून थांबते. तालमीतल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. गौराक्का तेल-उटणं घेऊन माझ्या अंगणात आल्या. आण्णा पंचा लावून, थंडीनं कुडकुडत उभे होते. हाक कोण मारणार, असं कुणी विचारलं. आण्णांनी माझ्याकडे बोट केलं. दिवाळीची पहिली आंघोळ आणि दारात विधवा, हे शेजारच्या एका काकूंना रुचलं नाही. आण्णा म्हणाले, “मग काकू, तुमी मारा हाक. ऱ्हावा उभ्या थंडीत.” काकू घरात गेल्या.

आण्णा आत गेले. कडी लागली. पाण्याचा आवाज सुरू झाला. त्या सकाळीही असाच आवाज येत होता. मी हाक मारली, “आण्णा?”

“हाय की!”

थोड्या वेळानं पुन्हा, “आण्णा?”

“हाय की गं! साबण लावाय लागलोय!”

मी हाक मारत राहिले आणि ते प्रत्येक वेळी उत्तर देत राहिले, शेवटी शेवटी वैतागून. मग पाणी थांबलं, कडी निघाली आणि आण्णा ओल्या केसांनी बाहेर आले. गौराक्कांनी त्यांना ओवाळलं. मला म्हणाले, “तंगी, पाणी चांगलं येतंय.” आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौराक्कांना दारात उभं करून मी त्या न्हाणीत आंघोळ केली.